उन्हाळ्यातील हलके जेवण : परसातला पाला आणि चुलीतील निखारा

चैत्र-वैशाखात ऊन चढू लागले की शेतावर राबणाऱ्या माणसाची भूक मंदावते. कामाचा भार मात्र कमी होत नाही. नाशिक तालुक्यात याच दिवसांत उन्हाळ कांद्याची काढणी, द्राक्षबागांची खरडछाटणी व खरिपासाठी जमिनीची नांगरट ही कामे चालू असतात. अशा वेळी तेलकट व जड जेवण सोसत नाही, आणि उपाशी राहावे तर अंगात त्राण उरत नाही. घरातील गृहिणीची अडचण वेगळीच असते. बाहेर ऊन तापलेले, डोक्यावर पत्रे तापलेले, आणि त्यात चुलीच्या धगीपुढे दोन्ही वेळा बसावयाचे. शेतावरील उन्हाबद्दल सर्वजण बोलतात. स्वयंपाकघरातील उन्हाबद्दल कोणी फारसे बोलत नाही. म्हणून उन्हाळ्यातील आहाराचा विचार करताना खाणाऱ्याचे पचन व रांधणारीचे श्रम या दोन्हींचा हिशेब एकत्र मांडणे अगत्याचे आहे.

यावरील उपाय सुलभ असून त्याची बहुतेक सामग्री घरातच असते. सकाळी गारव्यात एकदाच चूल पेटवावी. भाकरी झाल्यावर मागे राहणारा निखारा तसाच विझू न देता त्यावर भाजण्याचे पदार्थ भाजून घ्यावेत. दुपारी चूल न पेटविता त्यात परसातील ताजा पाला कच्चाच मिसळून जेवण सिद्ध करावे. या पद्धतीने सरपण वाचते, दुपारचा धूर व धग टळते, आणि उन्हाळ्यात ताटातून नाहीशी होणारी हिरवी भाजी रोज थोडीबहुत पोटात जाते.

सातपूर परिसरातील परिस्थिती

सातपूर हे नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाणाऱ्या रस्त्यावरील जुने गाव आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली व पुढे येथे मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९८२ साली नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा सातपूर तिच्या हद्दीत आले. जुन्या मळ्यांपैकी पुष्कळांच्या जागी आज कारखाने व कामगारांच्या चाळी आहेत. तथापि त्याच रस्त्याने पुढे गेले की बेळगाव ढगा, महिरावणी यांसारख्या गावांत शेती चालू आहे, आणि तेथील भाजीपाला शहराच्या बाजारात येतो.

या भागात तीन प्रकारची घरे आढळतात. काही घरांत चूल हेच मुख्य साधन आहे. काही घरांत गॅस आहे, परंतु भाकरीसाठी व पाणी तापविण्यासाठी चूल पेटविली जाते. वसाहतीतील खोल्यांत केवळ गॅस आहे व परस म्हणजे गॅलरीतील चार डबे. पुढील सूचना मुख्यत्वे पहिल्या दोन प्रकारच्या घरांसाठी असल्या, तरी तिसऱ्या प्रकारच्या घरांनाही थोड्या फरकाने त्यांचा उपयोग होईल.

उन्हाळ्यात कोथिंबिरीची जुडी महाग होते, याचे कारण शेतकऱ्यास ठाऊक आहे. कडक उन्हात धन्याची उगवण कमी होते, उगवलेले रोप लवकर फुलावर येते, आणि पाणीही अपुरे असते. ज्या दिवसांत पाल्याची गरज अधिक, त्याच दिवसांत तो विकत घेणे परवडत नाही. घरापुरता पाला घरीच पिकविणे इष्ट ठरते ते यामुळेच.

परसातील दोन वाफे

पाच माणसांच्या कुटुंबास एक मीटर रुंद व तीन मीटर लांब असे दोन वाफे पुरेसे होतात. उन्हाळ्यात गादीवाफे करू नयेत; ते लवकर वाळतात. जमिनीच्या पातळीपेक्षा किंचित खोलगट वाफे करून त्यांत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. पश्चिमेकडून येणारे दुपारचे ऊन अडेल अशी जागा निवडावी. शेवग्याचे झाड, तुरीच्या काड्यांचा ताटवा किंवा हिरवी जाळी यांपैकी कशाचीही सावली चालते. दोन ओळींच्या मध्ये वाळलेल्या पाल्यापाचोळ्याचे आच्छादन केल्यास ओल टिकते. या दोन्ही वाफ्यांस कडक उन्हाळ्यात रोज सुमारे ३० लिटर, म्हणजे दोन बादल्या पाणी लागते. पाणी सकाळी लवकर अथवा सूर्य मावळल्यावर द्यावे.

कोथिंबीर : धने फळीखाली हलके रगडून त्यांचे दोन भाग करावेत. अखंड धने पेरल्यास उगवण विरळ होते. फोडलेले धने रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी सावलीत निथळवावेत व ओळींत पेरावेत. संपूर्ण वाफा एकाच दिवशी पेरू नये. त्याचे तीन भाग करून दर १२ ते १५ दिवसांनी एकेक भाग पेरावा, म्हणजे पाला सतत मिळत राहतो. साधारणपणे ३५ ते ४० दिवसांत कोथिंबीर काढणीस येते. उन्हाळ्यात ती फुलावर येण्याची वाट न पाहता कोवळी असतानाच खुडावी.

पुदिना : बाजारातून आणलेल्या पुदिन्याची पाने वापरून झाली की जाड काड्या टाकून देऊ नयेत. त्या पेलाभर पाण्यात सावलीत ठेवल्यास काही दिवसांत मुळे फुटतात. अशा काड्या ओलसर, अर्धसावलीच्या जागी लावाव्यात. पुदिना पसरत जाऊन शेजारच्या पिकास दाबतो, म्हणून त्यास फुटका डबा किंवा जुनी पाटी वेगळी द्यावी. गॅलरीतही तो उत्तम वाढतो.

कढीपत्ता व गवती चहा : ही दोन्ही दीर्घकाळ टिकणारी झाडे आहेत. कढीपत्त्याचे बी पिकल्यावर ताजेच पेरावे. जुने बी उगवत नाही. जुन्या झाडाच्या मुळांवर फुटलेली रोपेही लावता येतात. शेंडे खुडत राहिल्यास झाड ठेंगणे राहते व नवी फूट येते. गवती चहाचे ठोंब न्हाणीच्या पाटाकाठी लावावेत, म्हणजे मातीही धरून राहते.

पानओवा : याची फांदी मातीत खोचली तरी ती रुजते. पाणी कमी लागते. एक-दोन पाने बारीक चिरून ताकात किंवा दह्यात घातली असता स्वाद येतो.

घोळ : ही भाजी पेरावी लागत नाही. ओल असेल तेथे उन्हाळ्यातही आपोआप उगवते आणि बहुधा तण म्हणून उपटून टाकली जाते. तिची कोवळी, आंबटसर पाने कोशिंबिरीत घालता येतात. मूतखड्याचा विकार असणाऱ्यांनी मात्र घोळ बेताने खावी.

कोथिंबिरीवर मावा पडल्यास पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. एक लिटर पाण्यास ५० ग्रॅम निंबोळीची भरड या प्रमाणात रात्रभर भिजवून, गाळून सायंकाळी फवारणी करावी. घरच्या कच्च्या खावयाच्या पाल्यावर शेतातील रासायनिक औषधाचा उरलेला पंप मारण्याची सवय काही ठिकाणी दिसते. ती घातक असून तत्काळ थांबविली पाहिजे.

कोणते पाणी कोठे द्यावे

कच्चा खाण्याच्या पाल्यास विहिरीचे, कूपनलिकेचे किंवा नळाचे स्वच्छ पाणीच द्यावे. भांडी व आंघोळीचे साबणमिश्रित पाणी कढीपत्ता, शेवगा, केळ यांच्या मुळाशी सोडण्यास हरकत नाही. कोथिंबीर, पुदिना व घोळ यांवर ते शिंपडू नये.

सातपूर परिसरात याविषयी अधिक दक्षता हवी. येथून वाहणारी नासर्डी, जिला नंदिनी असेही म्हणतात, पुढे गोदावरीस मिळते. तिच्या पाण्यात वस्तीचे व औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी मिसळत आले आहे. अशा नदीच्या अथवा नाल्याच्या पाण्यावर वाढविलेला पाला दिसावयास हिरवागार असतो, परंतु त्यावर रोगजंतू असू शकतात व कारखान्याच्या सांडपाण्यातील घातक द्रव्ये त्यात शोषली जाऊ शकतात. जंतूंचा धोका धुण्याने काही अंशी कमी होतो. पाल्यात शोषली गेलेली द्रव्ये धुऊन जात नाहीत. म्हणून असा पाला कच्चा अथवा शिजवून, कसाही वापरू नये.

एक चूल, तीन आंच

सकाळच्या चुलीतील विस्तव एकाच प्रकारचा नसतो. त्याच्या तीन अवस्था असतात, आणि प्रत्येक अवस्थेस योग्य असे काम आहे.

पहिली अवस्था ज्वाळेची. या वेळी वरण, भात किंवा आंबील शिजवावी व तव्यावर भाकरी टाकावी.

दुसरी अवस्था लाल निखाऱ्याची. तव्यावरून उतरविलेली भाकरी निखाऱ्यासमोर उभी केली की टम्म फुगते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. त्याच निखाऱ्यावर लोखंडी जाळी ठेवून वांगी, टोमॅटो, हिरव्या मिरच्या व मक्याची कणसे भाजावीत. जाळी नसल्यास जिन्नस प्रत्यक्ष निखाऱ्यावर ठेवून चिमट्याने फिरवावेत.

तिसरी अवस्था गरम राखेची. निखारे मंदावले की कैरी, सालीसकट कांदा व लसणाचा गड्डा राखेत पुरून ठेवावा. अर्ध्या तासाने काढल्यास आतून मऊ झालेले आढळतात. यासाठी चुलीजवळ बसून राहावे लागत नाही.

गॅसवर स्वयंपाक होतो तेथे वांगे व मिरची मंद ज्योतीवर जाळी ठेवून भाजता येते. कैरी भाजण्यापेक्षा कुकरमध्ये भातासोबत उकडून घेणे किफायतशीर पडते. तात्पर्य हेच की भाजणे-शिजविणे सकाळी एकदाच उरकावे.

भाजण्याच्या बाबतीत तीन गोष्टी टाळाव्यात. कारखान्यांतून येणाऱ्या पॅकिंगच्या फळ्या, प्लायवूड, रंगविलेले लाकूड किंवा प्लॅस्टिक यांवर कोणताही पदार्थ भाजू नये. त्यांचा धूर विषारी असतो व तो अन्नास लागतो. वसाहतीच्या आसपास असे लाकूड फुकट मिळते, म्हणून ही सूचना विशेष ध्यानात ठेवावी. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी विस्तवावर ठेवू नये. आणि जळत्या कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस दगावतो.

पाच माणसांसाठी काही पदार्थ

वांग्याचे भरीत : भरिताची कीर्ती खानदेशात मोठी आहे, आणि जळगावच्या भरताच्या वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तेथे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजतात. घरगुती प्रमाणासाठी चुलीचा निखारा पुरेसा होतो. दोन मोठी वांगी, सुमारे ७५० ग्रॅम, घ्यावीत. शेंडे व फळे पोखरणारी अळी उन्हाळ्यातही असते, म्हणून छिद्र असलेले वांगे घेऊ नये आणि भाजण्यापूर्वी उभी चीर देऊन आत पाहावे. चिरेमुळे वांगे फुटतही नाही. सर्व बाजूंनी भाजल्यावर काळी साल पूर्ण काढून टाकावी. भाजलेल्या चार-पाच मिरच्या, आठ-दहा लसूण पाकळ्या व मीठ ठेचून त्यात गर मिसळावा. वर बारीक चिरलेला कांदा, मूठभर भाजलेले शेंगदाणे, दोन चमचे तेल व भरपूर कोथिंबीर घालावी. तेल अगदीच वगळू नये. पाल्यातील कॅरोटीन, ज्यापासून शरीरात जीवनसत्त्व अ तयार होते, ते अंगी लागण्यास थोडा स्निग्धांश आवश्यक असतो.

कैरीचे पन्हे : राखेत भाजलेल्या दोन मोठ्या कैऱ्यांचा गर काढावा. त्यात सुमारे पाव किलो गूळ, एक चमचा मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड व ठेचलेली आठ-दहा पुदिन्याची पाने घालून कालवावे. माठातील आठ ते दहा पेले पाण्यात हे मिसळावे. मधुमेह असणाऱ्यांनी गूळ वर्ज्य करून मीठ-जिरे घातलेले पातळ पन्हे घ्यावे. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ बेताने वापरावे.

आंबेडाळ : चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास आंबेडाळ व पन्हे देण्याची प्रथा ज्यांनी पाडली, त्यांनी ऋतूचा विचार केला होता हे उघड आहे. या पदार्थात विस्तव लागतो तो केवळ फोडणीपुरता. दोन वाट्या हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून जाडसर वाटावी. त्यात अर्धी वाटी किसलेली कैरी, मिरची, मीठ व कोथिंबीर मिसळून मोहरी, हिंग, हळद व कढीपत्त्याची फोडणी द्यावी. लहान मुले व वृद्ध यांना कच्ची हरभरा डाळ जड पडते. त्यांच्यासाठी दोन तास भिजविलेली मुगाची डाळ वापरावी. हलक्या जेवणात प्रथिने कमी पडतात ही उणीव या पदार्थाने भरून निघते.

नागलीची आंबील : त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, पेठ व सुरगाणा या तालुक्यांत नागली पिकते. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पाच-सहा चमचे पीठ पाण्यात कालवून सकाळच्या जाळावर शिजवावे व निववून ठेवावे. दुपारी त्यात घुसळलेले ताक, मीठ, जिरे, कोथिंबीर व पानओव्याचे एखादे पान चिरून घालावे.

भाजलेल्या टोमॅटोची चटणी : चार टोमॅटो, एक राखेत भाजलेला कांदा व दोन मिरच्या पाट्यावर वाटून त्यात पुदिना व मीठ घालावे. भाकरीबरोबर ही चटणी भाजीची जागा घेते.

या सर्व पदार्थांत पाला शेवटी व कच्चा घालावयाचा आहे, हे विसरू नये. पाल्यातील जीवनसत्त्व क उष्णतेने नाश पावते. हेच जीवनसत्त्व भाकरीतील व डाळीतील लोह शरीरात शोषले जाण्यास साहाय्य करते. रक्तक्षय असणाऱ्या स्त्रिया व मुली यांच्या ताटात कोथिंबीर व लिंबाची फोड असणे यासाठीच अगत्याचे आहे. पाला वाहत्या स्वच्छ पाण्यात दोन-तीन वेळा धुवावा; चिरल्यानंतर धुऊ नये.

शेतावर नेताना

भरिताची शिदोरी न्यावयाची असल्यास ती पूर्ण निवल्यावर बांधावी आणि त्यात दही मिसळू नये. पाला वेगळा, ओल्या फडक्यात गुंडाळून न्यावा व खाताना घालावा. सकाळी शिजविलेला भात दुपारपलीकडे ठेवू नये. या दिवसांत अन्न काही तासांतच नासते. पाण्याची कळशी सावलीत, ओल्या फडक्याने गुंडाळून ठेवावी.

पन्हे व ताक यांनी तहान भागते, परंतु ती उष्माघातावरील औषधे नव्हेत. उन्हात काम करणारा माणूस बरळू लागला, अंग तापले, किंवा शुद्ध हरपली तर त्यास सावलीत आणून अंगावर पाणी मारावे, वारा घालावा व १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पन्हे, पाणी काहीही घालू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय व्याख्यानाने पटत नाही. गावातील एका घरी, सकाळी सात वाजता, त्या घरच्याच चुलीवर प्रात्यक्षिक घ्यावे व उपस्थितांना पदार्थ चाखावयास द्यावेत. त्या घरी एक आठवडा नेहमीच्या पद्धतीने व एक आठवडा एकदाच चूल पेटवून लागणारे सरपण तराजूवर मोजावे. त्याच बरोबर गृहिणी चुलीपुढे किती वेळ बसली याचीही नोंद ठेवावी. दुसऱ्याच्या गावचे आकडे सांगण्यापेक्षा शेजारच्या घरचे हे दोन आकडे अधिक उपयोगी पडतात.

वाफे तयार करणे, कुंपण घालणे व पाणी आणणे ही कामे घरातील पुरुषांनी करावीत, असे प्रात्यक्षिकाच्या वेळी स्पष्ट सांगावे. परसबागेचे श्रमही गृहिणीच्याच माथी पडले, तर चुलीपुढील वाचलेला वेळ बादल्या वाहण्यात जाईल आणि मूळ हेतूच बाजूस राहील. अंगणवाडी व शाळा यांच्या आवारात एखादा वाफा केल्यास मुलेच घरी जाऊन पुदिन्याच्या काड्या लावतात, हाही अनुभव घेण्यासारखा आहे. रोपे व लागवडीसंबंधी सल्ल्यासाठी सातपूरहून जवळच, गंगापूर धरणाच्या परिसरात, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे.

धन्याची पहिली पेरणी फेब्रुवारीच्या अखेरीस केल्यास पाडव्याच्या सुमारास पाला हाती येतो. पुदिना, कढीपत्ता व गवती चहा यांची लागवड पावसाळ्यातच करून ठेवावी, म्हणजे उन्हाळा सुरू होईपर्यंत त्यांची मुळे चांगली धरतात. ज्या घरी आज यांपैकी काहीच नाही, तेथे उद्याच्या सकाळी निदान भाकरी झाल्यावर चुलीवर पाणी ओतण्याचे थांबवावे आणि त्या राखेत दोन कैऱ्या व एक कांदा पुरून पाहावा.